मोतीबाई चाखल्याशिवाय देत नाही

धर्मेशने आयुष्यात चुका बऱ्याच केल्या होत्या, पण त्या घरातल्या घरात राहिल्या होत्या. ही चूक मात्र त्याने बुधवारी सकाळी पावणेदहाला, स्वतःच्या अंगठ्याने, बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर मिळून एकशे बारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पाठवली.

झालं होतं असं. सोमवारी पहाटे एमआयडीसीतल्या एका कंपनीची भट्टीच्या काळ्या तेलाची टाकी फुटली आणि ते तेल नाल्याने वाहत बदलापूरच्या बेलवली गावाच्या वरच्या अंगाला उल्हास नदीत उतरलं. धर्मेश ज्या कचेरीत कंत्राटावर होता तिचं नाव नदी-देखरेख कक्ष. अंबरनाथ पूर्वेला एका मिठाईच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. खाली जिलब्या तळल्या जायच्या, वर निवेदनं. नदीला काही झालं की ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ असं वेगवेगळ्या शब्दांत लिहायचं, एवढंच धर्मेशचं काम. सोमवारी निवेदन क्रमांक एक गेलं: किरकोळ गळती. मंगळवारी क्रमांक दोन: परिस्थिती नियंत्रणात. बुधवारी क्रमांक तीन जायचं होतं: नदी पूर्ववत. आणि त्याला जोडून त्याच सकाळचा नदीचा फोटो हवा, असं कमळाकर साहेबांनी दोनदा बजावलं होतं.

फोटोसाठी पुलावर जायला हवं होतं. पण जानेवारीची थंडी होती आणि धर्मेशच्या पुढ्यात गरम मिसळ होती. मिसळीवरची तर्री बघून त्याला नदीची आठवण झाली नाही असं नाही. झाली, म्हणूनच त्याने मोबाइल काढला, गॅलरीत मागे मागे जात गेल्या जानेवारीतला एक झकास फोटो शोधला आणि पाठवून दिला. निळं पाणी, काठावर पांढरा बगळा, हिरवागार मांडव. खाली स्वतःच लिहिलं: ‘आज सकाळी ८.१० वाजताचे छायाचित्र.’

पाव संपायच्या आत काकीचा फोन आला.

“धर्म्या, माझा मांडव कुठं सापरला रं?”

“कुठला मांडव, काकी?”

“दुधीचा. जुलैच्या पुरान वाहून गेला तो. तुमच्या हापिसच्या फोटूत उभा हाय. आज सकाली आठ दहाला. पत्ता सांग, काकांना टेम्पो घेऊन पाठवतंय.”

धर्मेशच्या घशात फरसाण अडकलं.

ही काकी म्हणजे मोतीबाई. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढे जे झालं ते एका फोटोमुळे झालं असं वाटेल. तसं ते नाही. फोटो नसता तरी तिने दुसरं काहीतरी धरलंच असतं.

मोतीबाईचं माहेर खाडीकाठचं. बाप मिठागरावर. तिथली पोरं चालायच्या आधी पाण्यात उभी राहतात, आणि भरतीचं पाणी आगरात घ्यावं की परत सोडावं हे बाप बोट बुडवून जिभेला लावून ठरवायचा. ती सवय हुंड्यासारखी मोतीबाईबरोबर बेलवलीला आली. इथे सासरची शेती नदीकाठी. दीर-जावांनी आपापले तुकडे बिल्डरला विकले. धर्मेशच्या बापाने विकलेल्या जागेवर आज सात मजले उभे आहेत आणि त्या पैशांतून आलेली गाडी दारात पत्र्याखाली गंजते आहे. मोतीबाईने आपले तीस गुंठे सोडले नाहीत. बिल्डरचा माणूस चौथ्यांदा आला तेव्हा तिने त्याला लाल माठाची जुडी दिली आणि म्हणाली, “ही घे आनि जा. पाचव्यांदा आलास तं तीपन नाय भेटायची.”

नवरा चंदर. चंदरकाका तीन गोष्टी उत्तम करतात: बांध घालणं, दोर वळणं आणि ‘हूं’ म्हणणं. त्यांच्या घरात बोलायचं खातं एकाच माणसाकडे आहे.

बत्तीस वर्षं मोतीबाई अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात भाजी विकते आहे. पालक, मेथी, मुळा, माठ, आणि मांडवाचा दुधी. तिचा दुधी लांबून ओळखू येतो. कारण त्याची देठाकडची चकती कापलेली असते. सुरुवातीच्या वर्षांत एकदा तिच्या वेलाला कडू दुधी लागला. कडू दुधी नुसता बेचव नसतो, माणसाला दवाखान्यात पोचवतो. गिऱ्हाइकाच्या घरी एक म्हातारा रात्रभर उलट्या करत राहिला. वाचला. पण मोतीबाई दुसऱ्या दिवशी त्या घरी गेली, उरलेले नऊ दुधी कोणाकोणाकडे गेले ते आठवून आठवून नऊ दारं वाजवली आणि परत आणले. तेव्हापासून ती प्रत्येक दुधीची देठाकडची पातळ चकती कापते, जिभेवर ठेवते, थुंकते किंवा चावते, आणि मगच तो गिऱ्हाइकाला देते. सकाळी बाजारात जाताना तिचं तोंड तुरट झालेलं असतं. नवी गिऱ्हाइकं विचारतात, हा कापलेला का? जुनी सांगतात, “अहो, मोतीबाई चाखल्याशिवाय देत नाही.”

तर अशा बाईच्या मांडवाचा फोटो धर्मेशने सरकारी कामाला लावला होता.

दुपारपर्यंत ग्रुपांवर दोन फोटो शेजारी शेजारी फिरू लागले. एक कक्षाचा. दुसरा कात्रपच्या कोणीतरी पुलावरून खरंच त्या सकाळी काढलेला, त्यात नदी तव्यासारखी काळी. खाली लोकांचे शेरे. ‘कक्षाकडे नदी वेगळी आहे का?’ ‘बगळ्याची मुलाखत घ्या.’ ‘घाबरू नका म्हणाले, तेव्हाच घाबरलो.’

कमळाकर साहेबांनी धर्मेशला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते फक्त वरून आलेल्या फोनला घाबरायचे, आणि वरून फोन सारखा यायचा. चारचारदा विचारणा व्हायची: पाणीपुरवठ्याचे पंप बंद आहेत, लोक बोंबलतायत, पाणी ठीक आहे असं एकदाचं लिहून का देत नाही?

“फोटो कधीचा होता?”

“सर, तसा... याच मोसमातला.”

“मोसम!” साहेबांनी डोळे मिटले. “माझ्यासाठी तो आजचाच आहे, समजलं? आता फोटोवर कोणी विश्वास ठेवणार नाही. पंचनामा लागेल. नदीकाठच्या दोन प्रतिष्ठित शेतकऱ्यांच्या सह्या, समक्ष पाहणी करून. तो मांडव कोणाचा?”

“काकीचा.”

“सख्खी?”

“सख्खी.”

साहेबांचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला. “मग झालं की! तीच पंच. बाजारात तिला ओळखतात, आमची मिसेस तिच्याकडूनच दुधी घेते. तिची सही आली की लोक गप्प. आणि धर्मेश, तुझं कंत्राट एकतीसला संपतंय ना? बघू आपण.”

त्या ‘बघू आपण’ला काय म्हणतात हे धर्मेशला ठाऊक होतं. असली वाक्यं तो स्वतः लिहायचा.

पंचनाम्याचा कागद छापून तयारच होता. ‘आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, नदीपात्रात तेलाचा तवंग आढळून आला नाही.’ नावाच्या जागा रिकाम्या. धर्मेशला या कामात दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे ‘तेल नाही’ आणि ‘तेल आढळून आले नाही’ यातलं अंतर त्याला नीट माहीत होतं. पहिल्यात नदीकडे बघावं लागतं. दुसऱ्यात डोळे मिटले तरी चालतं.

गुरुवारी बेलवलीला जाण्याआधी त्याला उल्हासनगरला जाऊन बोर्ड आणायचा होता. कॅम्प तीनला सनीचं बॅनर छापायचं दुकान. सनी सिंधी, पण त्याचं मराठी धर्मेशच्या निवेदनांपेक्षा सरळ. दुकानात भिंतीला टेकून सहा फुटी पत्रा उभा होता, दोन लोखंडी पाइपांवर बसवायचा. निळ्यावर पांढरं: ‘नदीचे पाणी वापरास सुरक्षित. आदेशावरून.’

“कब से रेडी है, भाई,” सनी म्हणाला. “सोमवारी दुपारीच छापला. तुझ्या साहेबांनी फोन करून सांगितलं, अर्जंट.”

“सोमवारी? सोमवारी तर सॅम्पलपण घेतलं नव्हतं.”

“अरे, माझ्याकडे लोक निकालाच्या आधीच ‘विजयाबद्दल अभिनंदन’चे बॅनर छापून ठेवतात. हारला तर पैसे बुडाले, एवढंच. तुझी नदी हारली का जिंकली?”

धर्मेशने पत्रा टेम्पोत टाकला आणि नदीवर गेला.

पुलावर कक्षाची दोन माणसं दुसरा नमुना घेत होती. बाटलीच्या बुडाला शिसं बांधलेलं, ती दोरीने मधोमध पात्रात सोडायची, खोल गेली की भरायची, वर ओढायची. काठावर मोतीबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. लुगड्याचा काष्टा घट्ट, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. शेजारी चंदरकाका भाताच्या पेंढ्याचा जाड दोर वळत बसले होते.

“आलास?” तिने मागे न बघताच विचारलं. “यांना सांग जरा. तेल वर तरंगतंय नि बाटली खालून भरतान. भजी तलनाऱ्याला इचारलं असता तं त्यानं पन सांगितला असता.”

“काकी, ती शास्त्रीय पद्धत आहे.”

“हूं,” चंदरकाका म्हणाले. त्या ‘हूं’मध्ये बरंच काही होतं.

धर्मेशने खिशातला कागद काढला. फोटोबद्दल माफी मागायचं त्याने ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. “फक्त सही आहे, काकी. दोन मिनिटांचं काम. सही झाली की पंप चालू, तुझी भाजी बाजारात. नाहीतर कोण घेणार नदीची भाजी? तुझाच तोटा.”

“वाच.”

त्याने वाचलं. ‘आढळून आला नाही’पर्यंत आल्यावर ती म्हणाली, “पुरे.”

मग ती त्याला काठाने वळणापर्यंत घेऊन गेली; चंदरकाका दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन मागून आले. तिथे जलपर्णी दाट साचलेली, वरून हिरवीगार, जांभळी फुलं आलेली. फोटो काढायला एकदम बेस्ट. नेमकी तीच जागा धर्मेशच्या डोक्यात क्रमांक चारसाठी येऊनही गेली होती.

“हात घाल खाली.”

“काकी, शर्ट...”

“शर्ट वर कर नि घाल. लिवतोस ना नदीबद्दल? मंग हात लाव तिला.”

त्याने बाही कोपरापर्यंत सरकवली आणि पानांखाली हात घातला. पाणी थंड होतं, आणि त्यावर आणखी काहीतरी होतं, जाड, सायीसारखं. हात बाहेर आला तो काळा. काळं बोटांच्या पेरांतून हळूहळू खाली ओघळत होतं. वास गॅरेजचा.

“धारेत नाय दिसायचा ते,” मोतीबाई म्हणाली. “पाना धरून ठेवतान. पंप चालू केला का ते तेल आत ओरतंय. सोमवारी मना म्हाईत नवता. सकाली पालकाला पानी दिला नि दुपारी पाना चकचकाया लागली. सगला वाफा उपटून पुरला मी. चार दिस झाले, बाजारात नाय गेलं.” ती थांबली. “बाजारात नाय गेलं असा कवा झाला नाय. हे आजारी होते तवाबी नाय, पूर आला तवाबी नाय.”

धर्मेशने हात काकांच्या दोराच्या पेंढ्याला पुसला. पेंढ्याने तो काळा डाग असा पिऊन घेतला की बघत राहावं.

“बगितलंस?” तिच्या डोळ्यांत चमक आली. “माझा बाप आगराच्या तोंडाला असाच दोर टाकायचा. होरीवाल्यांचा डिझेल भरतीसंगं यायचा ना, मिठाला वास मारायचा. पेंढा पानी सोरतंय नि तेल धरतंय. हे दोर आज वलनावर लावतंय. दोन दिसांनी बगू, तुमची बाटली खरी का माझा पेंढा.”

“आणि सही?”

“मी दुधी चाखल्याबिगर देत नाय. नि तू मना आख्खी नदी द्यायला सांगतंस, न चाखता?” तिने कागद दुमडून त्याच्या काळ्या हातात परत ठेवला. “आनि हां. माझ्या मांडवाचा फोटू माझ्या परवानगीबिगर वापरलास. त्याची भरपाई पायजे. चार बांबू नि काथ्या. वेल टाकायचा दिस जवल आलाय.”

“देतो, काकी.”

“कवा?”

“देतो ना.”

“हूं,” चंदरकाका म्हणाले.

पाइप खड्ड्यात ठोकून कक्षाच्या माणसांनी निळा बोर्ड काठावर उभा केला, अगदी तिच्या वाफ्यांच्या समोर. ‘वापरास सुरक्षित.’ मोतीबाईने त्यावर ओलं लुगडं वाळत घातलं. कोणी काही बोललं की म्हणायची, “सुरक्षित हाय ना? मंग वालू दे.”

शुक्रवारी कक्षाची हेल्पलाइन, म्हणजे धर्मेशचाच मोबाइल, दिवसभर वाजत होता. लोक आधी विचारायचे की पाणी प्यावं का. तो निवेदन क्रमांक तीन वाचून दाखवायचा. ते ऐकून घ्यायचे, थँक्यू म्हणायचे आणि मग विचारायचे, “बरं, मोतीबाई बाजारात बसली का?”

“नाही.”

“मग राहू दे,” आणि फोन बंद.

असे एकोणीस फोन त्याने मोजले. विसावा कमळाकर साहेबांच्या घरून आला. वहिनींचा. त्याही तेच विचारत होत्या. त्यांनी नाव सांगितलं नाही, पण मागे साहेबांच्या मिक्सरसारख्या खोकल्याचा आवाज ऐकू आला.

रविवारी सकाळी मोतीबाई बाजारात आली.

तिच्या जागेवर नेहमीचं गोणपाट पसरलेलं. उजवीकडे थोडीशीच भाजी: मुळा, मेथी, आठ-दहा दुधी, सगळे देठाला कापलेले. हे सगळं शेताच्या वरच्या टोकाला असलेल्या जुन्या विहिरीवरचं, दुधीही तिथल्या कुंपणावरच्या वेलाचे. डावीकडे एका घमेल्यात पेंढ्याचा दोर, वेटोळं करून ठेवलेला. नदीत टाकला तेव्हा सोन्यासारखा होता. आता डांबरात बुडवून काढल्यासारखा काळाकुट्ट, अजून ठिबकणारा. वास तिच्या मागच्या कोथिंबीरवाल्यापर्यंत जात होता आणि तो शिव्या घालत होता.

“मोतीबाई, हे काय आणलंस?” संजीवनीबाईंनी विचारलं. त्या जुन्या गिऱ्हाईक. नवरा कारखान्यात अधिकारी होता, आता दोघं निवृत्त, दोघांनाही प्रत्येक गोष्टीत कागद लागतो.

“ही इकरची भाजी विहिरीवरची. ही,” तिने घमेलं पुढे सरकवलं, “नदीची. ही विकाया नाय, बगाया आनलीय. फुकट. हात लावा, वास घ्या.”

लोक जमले. कोणी नाकाला रुमाल लावला, कोणी फोटो काढला. एका मुलीने दोराला बोट लावलं आणि ते पुसायला जागा सापडेना म्हणून भावाच्या पाठीला पुसलं. अर्ध्या तासात वाट बंद झाली. आणि त्या गर्दीतून कमळाकर साहेब आले, मागे फाइल घेऊन धर्मेश. साहेबांना कोणीतरी फोन केला होता की तुमची पंच बाजारात भाषण देते आहे.

“मोतीबाई,” साहेब गोड आवाजात म्हणाले, “असं अफवा पसरवणं बरं नाही. कक्षाने रीतसर तपासणी केली आहे. रिपोर्ट आहे, फोटो आहे.”

“फोटू कवाचा?”

“बुधवारचा. सकाळी आठ दहाचा.” साहेब मागे वळले. “विचारा याला. यानेच काढलाय.”

सगळ्यांनी धर्मेशकडे पाहिलं. तो काकीकडे बघू लागला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मान खाली घालून तिने एक दुधी उचलला, जो आधीच चाखून झाला होता तो, आणि त्याची आणखी एक चकती कापू लागली. धर्मेशला लहानपण आठवलं. असाच तो तिच्या ओट्यावर बसायचा आणि ती चकती त्याच्या तोंडात कोंबून विचारायची: कडू का गोड? खरं सांग. तुझ्या तोंडून गेला का मंग तो लोकांच्या घरात जातंय.

मोबाइल खिशात थरथरत होता. एकतीस तारखेला अजून अकरा दिवस होते.

“गेल्या जानेवारीतला आहे, सर,” धर्मेश म्हणाला. “बुधवारी मी पुलावर गेलोच नव्हतो. मिसळ खात होतो.”

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच.

“धर्मेश!”

“आणि बोर्ड सोमवारी छापला, सर. सॅम्पल मंगळवारी घेतलं.” एकदा कडू तोंडातून बाहेर पडायला लागलं की थांबत नाही. “तेही खालून.”

संजीवनीबाई पुढे झाल्या. “आणि तुमच्या ऑफिसात पाणी कुठलं पितात रे?”

धर्मेशने साहेबांकडे पाहिलं. साहेब कोथिंबिरीकडे बघत होते.

“जारचं,” तो म्हणाला. “सोमवारपासून सहा जार जास्त मागवलेत.”

साहेबांनी आवाज चढवला. “हे सगळं तोंडी आहे! तोंडी बोलण्याला किंमत नसते. कागदावर काही आहे का तुमच्याकडे?”

मोतीबाईने चकती तोंडात टाकली, चावली, आणि हात पुसत उभी राहिली. “कागद तं तुमीच दिलाव. धर्म्या, कार.”

त्याने फाइलमधून पंचनाम्याचा कागद काढला. संजीवनीबाईंनी पर्समधून पेन दिलं. मोतीबाईने ‘आढळून आला नाही’ या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, “ही खोर. नि मागं लिव. मी सांगतंय तसा.”

आणि धर्मेशने ती ओळ खोडून, मुळ्याच्या पाटीवर कागद उलटा ठेवून नोकरीतलं पहिलं असं वाक्य लिहिलं ज्यात एकही ‘अनुषंगाने’ नव्हतं. ‘आम्ही बेलवलीच्या वळणावर पेंढ्याचा दोर दोन दिवस नदीत ठेवला. तो तेलाने काळा झाला. तो दोर आम्ही बाजारात पाहिला, हात लावला, वास घेतला. नदीत तेल आहे.’

मोतीबाईने सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली अक्षरं, एकेक सुटं, मेथीच्या जुड्या मांडाव्यात तशी. दुसरी सही संजीवनीबाईंची, पत्त्यासकट. पंच दोनच लागतात, पण लोक थांबेनात. कागदाची मागची बाजू भरली, मग समास भरला, मग कोथिंबीरवाल्याने वास सहन केल्याचा मोबदला म्हणून स्वतःचा अंगठा उठवला. बावन्नावी सही ‘माधवी’ अशी होती, आडनावाशिवाय. साहेबांनी ती ओळखली. घरच्या वाणसामानाच्या यादीवर तेच वळणदार अक्षर असायचं. त्यांनी मान वर करून गर्दीत पाहिलं. माधवीवहिनी दुधी पिशवीत घालत होत्या.

“मी काय खोटं लिहिलंय?” वहिनी म्हणाल्या. “वास तुम्हालाही येतोय की.”

निवेदन क्रमांक चार सोमवारी गेलं. त्यात ‘बेलवली येथील वळणावर तेलाचा अंश आढळून आला आहे’ असं लिहिलं होतं. अंश! घमेलंभर दोराला अंश म्हणायला कक्षाचीच जीभ हवी. पण ‘आला आहे’ तर लिहिलं. पंप आणखी नऊ दिवस बंद राहिले, टँकर आले, आणि कक्षाची माणसं जलपर्णी काढायला वळणावर उतरली. पेंढ्याचे दोर कसे वळायचे ते त्यांना चंदरकाकांनी दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा काका सलग अर्धा तास बोलले आणि घरी आल्यावर दोन दिवस घसा बसला. कंपनीचं नाव मात्र कुठल्याच निवेदनात आलं नाही. मोतीबाईने पुरलेल्या पालकाचं कोणी काही दिलं नाही. ती अजून दर सोमवारी कक्षात जाऊन विचारते. जिलबी घेऊन जाते, स्वतःच खाते, आणि समोर बसून राहते.

धर्मेशचं कंत्राट वाढवलं नाही. संपलं असंही कोणी लिहून दिलं नाही. कक्षाच्या पद्धतीने ते ‘विचाराधीन’ आहे. सध्या तो सनीकडे बॅनर बनवतो. भावी नगरसेवकांचे वाढदिवस असतात. ‘विजयाबद्दल अभिनंदन’ मात्र तो निकालाच्या आधी छापत नाही, यावरून सनीशी रोज वाद होतो. “धंदा बंद करवाएगा तू,” सनी म्हणतो, आणि तरी त्याला ठेवून घेतो.

परवा तो बेलवलीला गेला होता. निळा पत्रा कक्षाने रातोरात काढून नेला होता, पण पाइप खोल ठोकलेले, ते निघाले नाहीत. नदीकाठी दोन लोखंडी पाइप उभे होते आणि त्यांच्या पायथ्याशी दुधीचे वेल वीतभर वर आले होते. मोतीबाई त्यांना सुतळीने पाइपांना बांधत होती.

“मस्त झालं की काकी,” धर्मेश म्हणाला. “मांडवच उभा राहिला.”

“मांडवाला चार लागतान,” ती म्हणाली. “दोन सरकारनं दिलान. तुझं?”

“आणतो ना. या रविवारी.”

“कनच्या रविवारी ते लिवून दे. नि सही कर.”

“काकी, घरातल्या घरात कागद?”

“हूं,” बांधावरून चंदरकाका म्हणाले.

धर्मेशने खिसे चाचपले. पेन नव्हतं. वेलाचं एक कोवळं टोक पाइप सोडून हवेत आलं होतं, आणि जिथे तिसरा बांबू असायला हवा होता तिकडे झुकलं होतं. मोतीबाईने ते हलकेच धरलं, धर्मेशच्या मनगटाला एक वेढा दिला आणि म्हणाली, “मंग उभा रहा इथंच. बांबू येईतवर.”